एक तिकीट, दोन सिनेमे

रविवारी दुपारी मल्टिप्लेक्समध्ये मुलांचा सिनेमा लागला की अंधारात एक मजेशीर दृश्य दिसतं. खाली पॉपकॉर्नमध्ये बुडालेले छोटे हात आणि जरा वर मोबाइलचे चमकणारे चौकोन! पोरं पडद्यात घुसलेली आणि मोठी माणसं ऑफिसच्या मेल्समध्ये. ‘आपण काय, नुसते सोबतीला आलोय’ हा त्यामागचा फंडा.

तुम्ही म्हणाल, मला काय त्याचं, माझं तर अजून लग्नही झालेलं नाही. मान्य. पण भाचे-पुतणे आहेतच की! आणि सुट्टीत त्यांना सिनेमा दाखवायची ड्युटी हमखास मामा, मावशी, काका, आत्या यांच्याच गळ्यात पडते. मग सगळ्यांचाच वीकएण्ड सत्कारणी लागेल असा सिनेमा निवडायचा कसा? माझी कसोटी एकदम सोपी आहे. सिनेमातल्या मोठ्या माणसांना त्यांची स्वतःची काही अडचण आहे का, तेवढं बघायचं.

जोक्स पुरत नाहीत

मुलांच्या डोक्यावरून जाणारे जोक्स पेरायचे आणि मोठ्यांना खूश करायचं, ही हॉलिवूडची नेहमीची युक्ती. परीकथांची यथेच्छ खिल्ली उडवणाऱ्या ‘श्रेक’ने (२००१) तर सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं पहिलंवहिलं ऑस्कर पटकावलं. पण जोक एकदा कळला की संपला. ‘श्रेक’ लक्षात राहतो तो आपल्याला कुणी जवळ करणारच नाही, अशी खात्री असलेल्या त्या हिरव्या राक्षसामुळे. हा न्यूनगंड कळायला वयाची अट नाही.

नीमोचा बाबा

‘फाइंडिंग नीमो’ (२००३) ही मुलांसाठी हरवलेल्या पिल्लाची गोष्ट. पण अख्खा समुद्र पालथा घालतो कोण? त्याचा बाबा, मार्लिन. बायको आणि सगळी अंडी एका झटक्यात गेली, एकच पिल्लू उरलं. आता त्याला काहीही होऊ द्यायचं नाही, हा त्याचा पण. त्यावर विसरभोळी डोरी सहज बोलून जाते, की काहीच होऊ दिलं नाहीस, तर त्याच्या आयुष्यात काही घडणारच नाही! दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनच्या मनात हा बाबा आला तो स्वतःच्या मुलाला बागेत नेताना. आपण सारखे ‘इथे हात लावू नको, तिकडे जाऊ नको’ करतोय, हे त्याला जाणवलं होतं. रात्री साडेअकराला ‘निघालीस का?’ विचारणारा आपल्या बाबांचा फोन आठवला ना?

बरणी आणि ईएमआय

‘अप’च्या (२००९) सुरुवातीला कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चारेक मिनिटांत दिसतो, एकही संवाद नाही. लांबच्या धबधब्यावर जायचं म्हणून दोघं बरणीत नाणी साठवतात. कधी टायर फुटतो, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी घरावर झाड पडतं आणि दर वेळी बरणी फोडावी लागते. माझी सात वर्षांची भाची तेव्हा ‘फुगे कधी उडणार?’ म्हणून कटकट करत होती आणि शेजारी आमचे भावोजी गुपचूप चष्मा पुसत होते. होम लोन चालू असलेल्या माणसाला बरणीची गोष्ट समजवावी लागत नाही! पुढे बोलणारा कुत्रा आला तेव्हा मात्र दोघंही एकदम खिदळले.

आपल्या मातीतले

मराठीत तर सॉलिड माल आहे. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरची दोन भावंडं बाबांनी बनवलेली सायकल वाचवायला वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान थाटतात. मुलांसाठी हे धमाल साहस. आपल्याला मात्र दिसते ती त्यांची आई. कर्जापायी तिचं विणकामाचं मशीन गेलंय आणि आता सायकल विकण्यावाचून इलाज नाही.

आणि ‘किल्ला’! वडील गेल्यावर आईची कोकणात बदली होते आणि चिन्मय नव्या शाळेत एकटा पडतो. अविनाश अरुणच्या या सिनेमाला २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळालं, तेही मुलांच्या ज्युरीकडून. मी तो आईसोबत पाहिला. तिच्या सरकारी नोकरीपायी माझ्या तीन शाळा बदलल्या, त्यामुळे मी अर्थातच चिन्मयकडे बघत होते. आई बघत होती अमृता सुभाषकडे. संपल्यावर म्हणाली, “तुझ्या मैत्रिणी सुटायच्या म्हणून तू रडायचीस. माझ्याही सुटायच्या गं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर व्हायचं असायचं.” इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. त्या रात्री आम्ही एकपर्यंत जाग्या होतो.

असा सिनेमा दोन पिढ्यांना बोलायला विषय देतो. एरवी आपण घरी ‘जेवलीस का’च्या पुढे जातोच कुठे?

तेव्हा येत्या शनिवारी यातला एखादा लावा. भाचरांना बोलवाच, पण आई-बाबांनाही उठू देऊ नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. आणि संपल्यावर प्रत्येकाला विचारा, तुला कोणाचं वाईट वाटलं? उत्तरं वेगवेगळी आली, तर समजा, सिनेमा बरोबर निवडलात!