न झालेल्या चढाईची किंमत कशी मोजायची?

एटापल्लीकडच्या गावांत कबड्डीचे सामने पाहिले असतील, तर हे तुम्ही नक्की बघितलंय: कोपऱ्यावर पक्का गडी उभा असला की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. सामना संपल्यावर त्या गड्याच्या नावावर पकडी किती? दोन. मग तो साधारण खेळाडू म्हणायचा का?

प्रश्न कोटींचा आहे. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचलीला १ कोटी रुपयांना घेतलं. सर्वांत मोठी बोली मात्र चढाईपटू मोनू गोयतवर लागली, १.५१ कोटींची. बास्केटबॉलमध्येही हाच पेच. २०२२ मध्ये मिनेसोटाच्या संघाने रूडी गोबेरच्या बदल्यात पाच खेळाडू आणि पुढच्या वर्षांतले पहिल्या फेरीच्या निवडीचे चार हक्क दिले. गोबेर हा बास्केटजवळ उभा राहून बचाव करणारा सेंटर. 'एवढं कशाला दिलं?' अशी टीका झाली. त्याने अडवलेले फटके मोजता येतात. पण त्याला बघून कुणी मारलेच नाहीत, ते फटके कुठल्या रकान्यात लिहायचे?

संशोधनात इथेच चूक होते. जे सहज मोजता येतं, त्यालाच आपण 'मूल्य' समजतो. खरा प्रश्न असा: हा गडी नसता, तर काय झालं असतं?

कबड्डीत याचं उत्तर शोधायची सोय आहे. कोपरारक्षक बाद होऊन बाहेर बसतो, मग परत येतो. तो आत असताना आणि बाहेर असताना प्रतिस्पर्ध्याला दर चढाईमागे किती गुण मिळाले, ते मोजा.

पण थांबा! तो बाहेर गेला की बचावात एक माणूसही कमी होतो. शिवाय सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो. म्हणून पाच विरुद्ध पाच, चार विरुद्ध चार अशीच तुलना करा. चढाईला कोण आलं होतं, तेही लिहा. नाहीतर फरक गड्याचा की परिस्थितीचा, ते कळणारच नाही.

उद्या तुम्ही गडचिरोलीतल्या मलेरियावर काम कराल, तेव्हाही हेच आडवं येईल. मच्छरदाणीमुळे न आलेला ताप दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नसतो. फक्त रजिस्टर वाचून मच्छरदाणीची किंमत ठरवली, तर ती कमीच ठरेल.

तेव्हा पुढच्या सामन्याला वही घेऊन जा. गुण तर लिहाच, पण चढाईपटू कुठल्या बाजूला गेला नाही, तेही लिहा.