बाग सर्वांची, रोजची

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावर हर्सूल लागतं. जटवाड्याच्या डोंगरांतून येणारी खाम नदी इथल्या तलावात अडवली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, तेव्हा नहर-ए-अंबरी या पाणीयोजनेसाठी पाण्याचा शोध याच हर्सूल-सावंगीच्या खोऱ्यात लागला. जमिनीखालून ते पाणी शहरातल्या हौदांपर्यंत गेलं. सगळ्या वस्तीला लागणारी गोष्ट सगळ्यांसाठी उभारायची, हा विचार या मातीत जुना आहे. मग बागेच्या दारात तिकीटघर का?

हर्सूलच्या कुटुंबाला मुलांना घेऊन मोठ्या बागेत जायचं म्हटलं की मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान आठवतं. तिथे तिकीट आहे, वर रिक्षाचं भाडं. रोजंदारीवरच्या माणसाला हा खर्च सणासुदीला झेपतो, दर आठवड्याला नाही. मुंबईच्या राणीच्या बागेचंच पाहा. 2017 मध्ये मोठ्यांचं तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपयांवर गेलं. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला 100 रुपये ठरले. एका रविवारी 100 रुपये फार वाटत नाहीत. वर्षातले बावन्न रविवार धरले तर 5,200 रुपये होतात. बागेचा खरा उपयोग नित्याच्या जाण्यात आहे. म्हातारपणी गुडघे चालते ठेवायला किंवा पोरांना मोकळं धावायला वर्षातून एक सहल पुरत नाही.

बागेला तिकीट असावं की नसावं, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधल्या डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने 1840 मध्ये बाग लोकांना दिली. आठवड्यातले दोन दिवस प्रवेश मोफत, उरलेले दिवस शुल्क. ते शुल्क पूर्ण जायला 1882 उजाडलं. बर्कनहेड शहराने 1847 मध्ये सार्वजनिक पैशातून बाग उभारली, ती पहिल्यापासून सर्वांना खुली. भोवतालची जमीन घरांसाठी विकून तिचा खर्च काढला. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार ठरलेला फ्रेडरिक ओल्मस्टेड 1850 मध्ये ही बाग पाहून भारावून गेला.

आपल्याकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नागरी सोयी म्हणून नोंदलेली आहेत. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूमधला उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देणं रद्द ठरवलं. मात्र महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात उद्यानं पालिकेच्या ऐच्छिक कामांत मोडतात. पाणी आणि सफाई ही बंधनकारक कामं. तिजोरी आखडली की कात्री कुठे लागणार, हे इथेच ठरतं. त्यातच शहरातला घरमालक मालमत्ता कराबरोबर वृक्षकर भरतो, भाडेकरू तो भाड्यातून भरतो. सावलीसाठी एकदा पैसे दिलेल्या माणसाकडून दारात पुन्हा पैसे मागणं न्यायाचं नाही.

फुकट ठेवलं की लोक घाण करतात, असं म्हटलं जातं. पण बाग उजाड होते ती माळी, पाणी, दिवे आणि राखणदार नसल्यामुळे. स्वच्छतागृह नसलेल्या बागेत बाया थांबत नाहीत, दिवे नसतील तर संध्याकाळी मुली येत नाहीत. पुण्याच्या सारसबागेत तिकीट नाही, तरी तिथली गर्दी हटत नाही. प्राणिसंग्रहालय, नौकाविहार, खेळण्यातली रेल्वे यांचं वेगळं शुल्क घ्यावं. हिरवळ, पायवाट, झोपाळा आणि बाक मात्र मोफतच हवेत.

हर्सूलसारखी गावं शहरात मिसळली, तिथे घरं दाटली. आता तिथल्या प्रत्येक वस्तीला चालत पोहोचता येईल अशी बाग द्यायला हवी. विकास आराखड्यात उद्यान म्हणून राखलेला भूखंड मोकळा राहिला पाहिजे, आणि देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र दिसली पाहिजे. प्रभागातल्या नागरिकांनी अंदाजपत्रकाच्या वेळी ती रक्कम विचारावी, आणि कायद्यात उद्यानं ऐच्छिक कामांतून बंधनकारक कामांत नेण्याची मागणी आपल्या आमदाराकडे लावून धरावी.