रिपोर्टमध्ये व्हायरस नाही, मग गोळी का चालू?

आजचा प्रश्न: एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही, तब्येत ठणठणीत आहे, मग गोळी बंद का करायची नाही? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण याचं उत्तर व्हायरसच्या कोडमध्येच आहे, म्हणून विषय घेतला.

हा कोड किती मोठा? साधारण 9,700 अक्षरं आणि फक्त 9 जीन. आपल्या सीडी4 पेशीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका मुख्य पेशीत शिरला की तो तिच्या डीएनएमध्येच जाऊन बसतो. पुढचं काम तीन छोटी प्रोटीन्स सांभाळतात.

पहिलं, टॅट. हा स्विच. पेशीतलं मशीन व्हायरसचा कोड वाचायला सुरुवात करतं, पण थोडंसं वाचून अडकतं. टॅट त्या अर्धवट आरएनएला धरतं आणि पेशीचंच एक एन्झाइम तिथे ओढून आणतं. मग मशीन सुसाट. त्यातून आणखी टॅट बनतं, म्हणजे वेग आणखी वाढतो.

दुसरं, रेव्ह. पेशीचा नियम असा की आरएनए नीट काटछाट झाल्याशिवाय केंद्रकाबाहेर सोडायचा नाही. व्हायरसला तर अख्खा, न कापलेला आरएनए हवा असतो, कारण नव्या व्हायरसमध्ये तोच भरायचा असतो. रेव्ह पुरेसं साठलं की ते असा आरएनए बाहेर काढून देतं. तोपर्यंत नवीन व्हायरस तयारच होत नाही.

तिसरं, नेफ. पेशीला लागण झाली की ती आपल्या पृष्ठभागावर तशी खूण दाखवते, म्हणजे मारेकरी टी-पेशी येऊन तिला संपवतात. नेफ ती खूणच बरीचशी गायब करतं.

नेफ नसेल तर? ऑस्ट्रेलियात सिडनीला एका रक्तदात्याकडून काही जणांना एचआयव्ही गेला, पण त्यांचा आजार वर्षानुवर्षं फारच सावकाश चालला. 1995 मध्ये कारण प्रसिद्ध झालं: त्या व्हायरसच्या नेफ जीनचा तुकडा गळालेला होता. पण पुढे त्यातल्याही काहींच्या सीडी4 पेशी घटायला लागल्या. म्हणजे नेफविना व्हायरस दुबळा होतो, निरुपद्रवी नाही.

आता मूळ प्रश्न. काही पेशी शांत होऊन झोपतात. तिथे टॅट पुरेसं नसतं, स्विच बंद राहतो. पेशी व्हायरस बनवत नाही, म्हणून टेस्टमध्ये तो दिसत नाही आणि टी-पेशींनाही सापडत नाही. पण कोड तिथेच आहे. आजची औषधं व्हायरसला नव्या पेशीत शिरण्यापासून, डीएनएत बसण्यापासून किंवा पक्व होण्यापासून रोखतात. टॅटचा स्विच कायमचा बंद करणारं औषध अजून वापरात नाही. गोळी थांबली आणि एखादी पेशी जागी झाली की टॅट परत सुरू. बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच व्हायरस रक्तात दिसायला लागतो.

म्हणून ‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं समजू नका. पण हेही लक्षात ठेवा, गोळी नियमित घेऊन व्हायरस सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आपल्याकडे 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. काही विचारायचं असेल तर 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे. ओळखीत कोणी ‘आता बरं वाटतंय, गोळी सोडतो’ म्हणालं, तर हा एपिसोड फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या वेळी!