पेप्टाइड तुटते, पण वाटेल तसे नाही

प्रथिन ओळखायचे, तर ट्रिप्सिन हे विकर वापरून आधी त्याची छोटी पेप्टाइडे करतात. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ही पेप्टाइडे वायूच्या रेणूंवर आदळून आणखी फुटतात. तुकड्यांच्या वस्तुमानांवरून मूळ साखळी जुळवायची असते. कोणते तुकडे पडतील आणि किती, हे आधी सांगता आले तर ओळख पक्की होते. या भाकिताबद्दल काही गैरसमज मात्र घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : आदळल्यावर पेप्टाइड कुठेही फुटते.

वस्तुस्थिती : साखळी बहुधा दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाशी तुटते. सुरुवातीकडचा तुकडा ‘बी’, शेवटाकडचा ‘वाय’. रोपस्टॉर्फ आणि फोल्मन यांनी 1984 मध्ये सुचवलेली ही नामपद्धती थोड्या बदलांसह आजही चालते. सगळे बंध सारखे तुटत नाहीत. प्रोलीनच्या अलीकडचा बंध विशेष सहज तुटतो. शिकवताना नेहमी घेतली जाणारी ‘पी-ई-पी-टी-आय-डी-ई’ ही सात अमिनो आम्लांची साखळी पाहा. तिच्यात दुसऱ्या ‘पी’च्या, म्हणजे प्रोलीनच्या, अलीकडे तुटल्यावर एकेरी भाराचे 227.10 आणि 574.27 हे तुकडे मिळतात.

गैरसमज : वस्तुमाने काढली की भाकीत झाले.

वस्तुस्थिती : वस्तुमाने ही साधी बेरीज आहे. खरी कसोटी वर्णपटातल्या शिखरांच्या उंचीची, म्हणजे कोणता तुकडा किती पडेल याची. 1994 च्या ‘सीक्वेस्ट’ प्रणालीने सगळे बी आणि वाय तुकडे सारख्याच उंचीचे धरले होते, आणि तेवढ्यावरही पेप्टाइडे ओळखता आली. प्रत्यक्षात उंची ठरते ती बऱ्याच अंशी पेप्टाइडला भार देणाऱ्या प्रोटॉनवर. तो साखळीवर फिरता असेल, तर अनेक बंध सैल होतात. आर्जिनीनने तो धरून ठेवला, तर अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पुढचा बंध तुटण्याकडे कल वाढतो. म्हणूनच भार किंवा टकरीची ऊर्जा बदलली, की त्याच पेप्टाइडचा वर्णपट वेगळा दिसतो.

गैरसमज : संगणक शिकला, आता रसायनशास्त्र कशाला?

वस्तुस्थिती : म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांचे ‘प्रॉसिट’ हे शिखरांच्या उंचीचे भाकीत करणारे 2019 मधले प्रारूप प्रयोगशाळेत घडवलेल्या पेप्टाइडांच्या वर्णपटांवर शिकले. पेप्टाइडाच्या क्रमासोबत त्याला भार आणि टकरीची ऊर्जाही सांगावी लागते. पेप्टाइड इलेक्ट्रॉन देऊन तोडले, तर मुख्यतः ‘सी’ आणि ‘झेड’ तुकडे पडतात. टकरींवर शिकलेले गणित तिथे उपयोगी पडत नाही, त्यासाठी तशाच वर्णपटांवर नव्याने शिकवावे लागते.

गैरसमज : वर्णपट स्वच्छ असला की प्रत्येक अक्षर वाचता येते.

वस्तुस्थिती : ल्युसीन आणि आयसोल्युसीन दोघांचेही वस्तुमान 113.084. दोन ग्लायसीन मिळून 114.043, आणि एकट्या अ‍ॅस्परॅजिनचेही तेवढेच. लायसीन आणि ग्लुटामिन यांच्यात फरक आहे, पण 0.036 इतकाच. हा शेवटचा फरक अचूक यंत्र टिपते. दोन ग्लायसीनांमधला बंध तुटून मधले शिखर दिसले, तर तेही ओळखू येतात. ल्युसीन आणि आयसोल्युसीन वेगळे करायला मात्र साखळी तोडून भागत नाही, त्यांच्या बाजूच्या फांद्याही तोडाव्या लागतात.