पायाच्या अंगठ्याची गाठ : दुर्लक्ष नको, घाईही नको



उसाच्या लागणीपासून तोडणीपर्यंत आपले सारे काम पायांवर चालते. तरीही बैलाच्या खुराला जपणारा शेतकरी स्वतःच्या पायाकडे पाहत नाही. शिवारफेरीत अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले, धुऱ्यावरून लंगडत चालणारे सभासद आम्हाला भेटतात. भगिनींमध्ये हे दुखणे अधिक. म्हणून या अंकात उसाऐवजी पायाविषयी दोन शब्द.

ही गाठ म्हणजे नवीन उगवलेले हाड नव्हे. अंगठ्यामागचे लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला सरकते, अंगठा उलट बोटांकडे कलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. डॉक्टर याला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. घराण्यात असेल तर होण्याचा संभव जास्त. अरुंद, टोकदार पादत्राणांनी त्रास वाढतो. गाठ घासून, कापून किंवा डागून जात नाही. उलट जखम चिघळते, आणि मधुमेह असला तर पायावरच बेतते. हाच सांधा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला, तर ते वातरक्त असू शकते. त्यासाठी रक्त तपासून घ्यावे.

पहिला उपाय म्हणजे पुढे रुंद असलेली चप्पल किंवा बूट आणि आत मऊ गादी. याने दुखणे कमी होते, हाड सरळ होत नाही. एवढे करूनही चालणे कठीण असेल तरच शस्त्रक्रिया. नुसते दिसायला बरे म्हणून नव्हे. एक्स-रे पाहून डॉक्टर हाड कापतात, जागेवर सरकवतात आणि बारीक स्क्रूने किंवा तारेने पक्के करतात. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे, सूज पूर्ण उतरायला कधी कधी ६ महिने लागतात. सांधा आखडणे, जखमेत पू होणे, अंगठा पुन्हा वाकणे हे धोकेही डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. तंबाखू-बिडीने हाड उशिरा जुळते, हे विसरू नये.

नागपुरात १९४७ साली सुरू झालेले ‘मेडिकल’, तसेच मेयो आणि मिहानमधील एम्स येथे अस्थिरोग विभाग आहेत.

आमचे सांगणे एवढेच, की ऊस कारखान्याला गेल्यावर आणि पावसाळ्याला दोन-तीन महिने अवकाश असताना शस्त्रक्रिया ठरवावी. ओली जखम घेऊन चिखलात उतरू नये. ओलिताची पाळी कोण पाहील, हे घरात आधीच ठरवावे. तारीख ठरल्यावर गट कार्यालयात कळवावे. खोडव्याच्या पाचटाचे व खताचे वेळापत्रक घरच्या माणसाला आम्ही शेतावर येऊन समजावून देऊ.