जनुकातला बिघाड म्हणजे घराण्याचा दोष नव्हे

किडनीच्या गाठीच्या रिपोर्टात ‘व्हीएचएल जनुकात बदल’ एवढं वाचलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे पोरांनाही होणार?’ मग माहेर-सासरच्या पिढ्या चाळल्या जातात, लग्नाच्या मुलीपासून रिपोर्ट लपवला जातो. कितीदा सांगितलं तरी हा समज जात नाही, आणि त्यापायी माणसं विनाकारण अपराधी वाटून घेतात.

जनुक बिघडणं वेगळं आणि बिघडलेलं जनुक आईवडिलांकडून मिळणं वेगळं. किडनीच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या जेमतेम पाच ते आठ रुग्णांचा आजार आनुवंशिक असतो. इतरांत हा बदल फक्त गाठीच्या पेशींत असतो. शुक्रपेशीत किंवा बीजांडात तो नसतोच, तर मुलांकडे जाणार कुठून? २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, अनेक रुग्णांत व्हीएचएल ज्यावर असतं तो तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा लहानपणी किंवा कुमारवयातच किडनीच्या मोजक्या पेशींतून गळालेला असतो. गाठ दिसते ती ३० ते ५० वर्षांनी. बिघाड जुना खरा, पण जन्मजात नाही.

अपवाद आहेत. कमी वयात गाठ, दोन्ही किडन्यांत गाठी, डोळ्यात किंवा मेंदूतही गाठी असतील, तर रक्ताची जनुकीय तपासणी करायलाच हवी.

दुसरा समज याहून घातक: जनुकच बिघडलं, आता इलाज काय? उलट, इलाजाची वाट तिथूनच निघाली. पुरेसा ऑक्सिजन असताना हिफ नावाचं प्रथिन नष्ट करायला लावणं हे व्हीएचएलचं काम. ते बंद पडलं की ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवते. काढलेली गाठ कापली तर चरबीमुळे पिवळीजर्द आणि जागोजागी रक्ताळलेली दिसते, ती याचमुळे. ऑक्सिजनची ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. सुनिटिनिब हे औषध रक्तवाहिन्यांचा संदेश अडवतं. बेल्झुटिफान हे औषध थेट हिफ-२ या हिफच्या प्रकाराला रोखतं. अमेरिकेत ते २०२१मध्ये आनुवंशिक व्हीएचएल आजारासाठी मंजूर झालं आणि २०२३मध्ये इतर उपचारांनंतरही वाढलेल्या, आनुवंशिक नसलेल्या कॅन्सरसाठीही. बिघाड तोच, म्हणून गोळीही तीच. तिने सगळेच बरे होत नाहीत, आणि हिमोग्लोबिन उतरतं, कारण लाल पेशी वाढवणारं संप्रेरकही हिफ-२च्याच हुकमावर बनतं.

‘किमो का देत नाहीत?’ नेहमीची किमो या कॅन्सरवर फारशी चालतच नाही. ‘दुखत नाही, म्हणजे गाठ साधी’ हेही खोटं; कित्येक गाठी भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. आणि एक किडनी काढली की डायलिसिस लागतंच असं नाही. दुसरी निरोगी असेल तर बहुतेकांचं तिच्यावर भागतं.