पासवर्ड बरोबर, तरी आउटलुक ओळख देईना

मंडळाच्या कार्यक्रमात डॉक्टर दिसला की लोक गुडघा पुढे करतात आणि आयटी सपोर्टवाला दिसला की लॅपटॉप. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य एकच आहे : "पासवर्ड बरोबर आहे हो, तरी आउटलुक आत घेत नाही." पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं : "आणि गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये सगळं व्यवस्थित उघडतं!"

हे दुसरं वाक्य म्हणजेच अर्धं निदान. पण तोपर्यंत बहुतेकांनी पासवर्ड दोनदा बदललेला असतो, ऑफिस काढून पुन्हा टाकलेलं असतं आणि एखाद्या भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली युक्तीही करून झालेली असते. म्हणून कामाचं खातं, म्हणजे कंपनीने किंवा शाळेने दिलेलं मायक्रोसॉफ्टचं खातं, आत कसं घेतं आणि कुठे अडतं, ते जरा सावकाश पाहू.

मुंबईच्या लोकलचा पास आठवा. खिडकीसमोर रांगेत एकदाच उभं राहायचं. मग रोज तिकीट काढायला नको, टीसीने विचारलं की पास दाखवायचा. पासवर्ड टाकणं आणि फोनवर मंजुरी देणं म्हणजे ती खिडकी. तिथून मिळणारा पास म्हणजे टोकन. वर्ड, एक्सेल आणि आउटलुक तुमचा पासवर्ड स्वतः तपासत नाहीत, ते फक्त हा पास दाखवतात. त्यातही दोन प्रकार असतात. एक छोटं टोकन साधारण तास-सव्वा तास चालतं. दुसरं मोठं, नेहमीच्या मांडणीत ९० दिवसांचं. मोठं जवळ असलं की छोटं आपोआप नवं होत राहतं. त्यामुळेच आपण महिनोन्‌महिने पासवर्ड न टाकता काम करतो आणि खिडकी कुठे आहे हेच विसरतो.

आता हा पास ठेवलेला कुठे असतो? विंडोजमध्ये वेब अकाउंट मॅनेजर नावाचा एक भाग तो सांभाळतो आणि त्याच्या किल्ल्या बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असतात. मॅकमध्ये तो कीचेनमध्ये जातो. ब्राउझर मात्र आपला पास वेगळा बाळगू शकतो. म्हणून ब्राउझर चालतो आणि आउटलुक अडतं. विंडोजकडचा पास फाटला, तर विंडोज बिचारं तोच फाटका पास पुन्हा पुन्हा दाखवत राहतं. आउटलुकच्या तळाला 'नीड पासवर्ड' असं येतं, त्यावर क्लिक केलं की एक पांढरी खिडकी क्षणभर लुकलुकते आणि नाहीशी होते. अशा वेळी पासवर्ड बदलून काही साधत नाही. उलट पासवर्ड बदलला की जुन्या पासवर्डावर काढलेले बाकीचे पासही रद्द होऊ शकतात. मग फोन, टॅब्लेट सगळीकडून पुन्हा विचारणा सुरू होते आणि एका ठिकाणचं दुखणं चार ठिकाणी पसरतं.

तेव्हा काहीही पुसण्याआधी एकच तपासणी करा. ब्राउझरची प्रायव्हेट किंवा इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि ऑफिसच्या संकेतस्थळावर कामाच्या खात्याने आत जाऊन पाहा. नेहमीची खिडकी नको, कारण तिच्याकडे जुना पास असतो आणि ती खोटा दिलासा देते. प्रायव्हेट खिडकीतही अडलात, तर नकार सर्व्हर देतो आहे आणि लॅपटॉपला हात लावून उपयोग नाही. तिथे आत गेलात, तर भांडण तुमच्या लॅपटॉपशी आहे.

सर्व्हरने नकार दिला तर तो सहसा एक आकडाही देतो. लोक तो वाचत नाहीत, 'समथिंग वेंट राँग' एवढंच वाचतात आणि खिडकी बंद करतात. आकड्याआधी 'एएडीएसटीएस' अशी अक्षरं असतात. ही सेवा पूर्वी अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होती. २०२३ मध्ये तिचं नाव एन्ट्रा आयडी झालं, पण आकड्यांनी जुनं नाव सोडलेलं नाही. सीएसएमटी झाल्यावरही टॅक्सीवाला व्हीटीच म्हणतो, तसंच. ५०१२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड खरोखरच चुकला. ५००५५ म्हणजे पासवर्डाची मुदत संपली. ५००५३ म्हणजे चुकीचे प्रयत्न फार झाले म्हणून तात्पुरतं कुलूप. नेहमीच्या मांडणीत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते लागतं आणि पहिल्यांदा मिनिटभरच असतं, पण हट्टाने ठोकत राहिलात तर वाढत जातं. अशा वेळी चहा करा. ५३००३ म्हणजे पासवर्ड ठीक आहे, पण कंपनीच्या एखाद्या नियमाने अडवलं. देश, लॅपटॉप किंवा नेटवर्क, यांपैकी काहीतरी त्यांच्या अटीत बसलेलं नाही.

आणि ५००५७. खातं बंद केलेलं आहे.

या आकड्याबद्दल आपल्यात मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून थोडं थांबतो. अमेरिकेत गेल्या काही वर्षांच्या नोकरकपातीत अनेकांना बातमी मॅनेजरकडून कळली नाही, सकाळी लॅपटॉप आत घेईना तेव्हा कळली. त्यामुळे एच-वन-बीवर असलेल्या माणसाला साइन-इनचा साधा बिघाडही साधा वाटत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. घराचा हप्ता, मुलांची शाळा, बायकोचा एच-फोर, हे सगळं त्या पांढऱ्या खिडकीमागे उभं असतं. मला रात्री फोन करणाऱ्यांचा आवाज ऐकूनच कळतं की प्रश्न आउटलुकचा नाही.

त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, आकडा वाचा. फाटक्या पासाच्या दुखण्यात प्रायव्हेट खिडकीतून वेब चालतं. खातं बंद असेल तर कुठूनच चालत नाही. आणि ५००५७ दिसला तरी तो दर वेळी तसाच अर्थ घेऊन येत नाही. व्हेंडरमार्फत काम करणाऱ्यांच्या खात्याला बहुधा शेवटची तारीख घातलेली असते. कंत्राट वाढलं, पण ती तारीख पुढे ढकलायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, असं सर्रास होतं. मॅनेजरला साध्या फोनवर फोन करा, टीम्सवर शोधत बसू नका. दुसरी गोष्ट आजच करायची आहे, खातं चालू असताना. पे-स्टब, आय-७९७, ऑफर लेटर, विम्याचे कागद यांच्या प्रती स्वतःच्या घरच्या फोल्डरमध्ये असल्या पाहिजेत. नवी कंपनी एच-वन-बी ट्रान्सफर भरताना अलीकडच्या पे-स्टब मागते, आणि कित्येकांच्या त्या कंपनीच्या साइन-इनमागेच कुलूपबंद असतात. हे कागद तुमचे स्वतःचे आहेत, कंपनीच्या फायली नव्हेत. त्या दोघांत गल्लत करू नका.

आता भांडण लॅपटॉपशीच असेल, तर साध्या गोष्टी आधी. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का ते पाहा. टोकनवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे घड्याळ बरंच मागेपुढे असलं तर चांगला पासही खोटा ठरतो. व्हीपीएन बंद करून पाहा, अर्थात कंपनीने तो सक्तीचा केला नसेल तर. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ऑफिस २०१० असेल, तर पुढचं वाचायचे कष्टही घेऊ नका. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या मेल-सर्व्हरवर नुसत्या नाव-पासवर्डाने आत येण्याची जुनी पद्धत बंद करायला घेतली, आणि ऑफिस २०१०ला नवी पद्धत येतच नाही. ते पासवर्ड विचारतच राहणार. त्याला निवृत्ती द्या.

घरच्या लॅपटॉपवर सर्वांत जास्त घोळ होतो तो खात्यांच्या गर्दीचा. बाबांचं कंपनीचं खातं, आईचं हॉटमेल, मुलीचं शाळेचं खातं, सगळी एकाच विंडोजमध्ये. मुलीने गृहपाठासाठी वर्ड उघडलं, साइन-इन केलं, आणि 'या लॅपटॉपची व्यवस्था संस्थेला पाहू द्यायची का' या प्रश्नाला वाचल्याशिवाय हो म्हटलं. आता वर्ड शाळेचा पास दाखवत बाबांची फाइल मागतं, आणि शाळेचे नियमही घरच्या लॅपटॉपवर लागू होऊ शकतात. स्वतःच्या लॅपटॉपवर तो प्रश्न आला की फक्त या ॲपपुरतं साइन-इन करायचा पर्याय निवडा. हे नव्या पिढीने घरातल्या मोठ्यांना सांगावं, आणि आधी स्वतः पाळावं. एकाच ई-मेल पत्त्यावर वैयक्तिक आणि कामाचं अशी दोन खाती असण्याचाही एक जुना प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये तशी नवी खाती काढणं थांबवलं, पण आधीची आहेत. 'कामाचं की वैयक्तिक' असं विचारलं गेलं तर ती निवड नीट वाचून करा.

फाटका पास काढून टाकायचा असेल तर क्रम असा. वनड्राइव्हवर न चढलेल्या फायली आधी दुसरीकडे ठेवा. मग वर्डमध्ये फाइल, अकाउंट इथे जाऊन साइन-आउट करा आणि ऑफिसची सगळी ॲप्स बंद करा. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्टऑफिस१६'ने सुरू होणाऱ्या नोंदी काढा. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' अशी जागा आहे. तिथून अडलेलं खातं काढा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि वर्डमध्ये नव्याने साइन-इन करा. पण हे शेवटचं पाऊल फक्त स्वतःच्या मालकीच्या लॅपटॉपवर. कंपनीच्या लॅपटॉपवर तेच 'डिस्कनेक्ट' दाबलंत तर कधीकधी विंडोजमध्येच शिरता येत नाही. तिथे हेल्पडेस्कला बोलवा, ती त्यांची नोकरी आहे. मदरबोर्ड बदलून आल्यावर टीपीएम बिघडल्याचा संदेश दिसला तरी तेच करा. किल्ल्या जुन्या चिपबरोबर गेल्या, आता खातं नव्याने जोडावं लागणार.

भाच्याची व्हॉट्सॲपवरची युक्ती मात्र नको. वेब अकाउंट मॅनेजर बंद करणारा रजिस्ट्रीतला एक बदल इंटरनेटवर जागोजागी सापडतो. त्याने खिडकी उघडते, लोक खूश होतात. साइन-इनच्या दुखण्यावर हा उपाय करू नका, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलं आहे. टीसी नको म्हणून स्टेशनचा दरवाजाच काढून टाकण्यातला हा प्रकार आहे. आणि 'ऑफिस मदत नंबर' असं शोधून मिळालेल्या फोनवर तर अजिबात बोलू नका. स्क्रीन मागणारा, कोड मागणारा आणि गिफ्ट कार्ड मागणारा माणूस एकच असतो.

डिसेंबरमध्ये भारतात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बऱ्याच कंपन्या ठरावीक देशांबाहेरून साइन-इन होऊ देत नाहीत. पुण्यात उतरल्यावर ५३००३ बघण्यापेक्षा निघण्याआधी आयटीला तारखा कळवा. घरच्या व्हीपीएनमधून अमेरिकेत असल्याचं भासवू नका. काही ठिकाणी तो नियमभंगच धरला जातो. ऑथेंटिकेटरमधला ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकड्यांचा कोड इंटरनेट आणि सिम दोन्ही नसताना चालतो, एसएमएसचं तसं नाही. म्हणून तो पर्याय आधीच जोडून, एकदा वापरून पाहा. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ऑथेंटिकेटरच्या मंजुरीला पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं आहे. तुम्ही साइन-इन करत नसताना अशी विचारणा आली तर नकार द्या आणि कंपनीला कळवा. आणि नवा फोन घेतलात तर जुना लगेच देऊन टाकू नका. बॅकअपमधून खात्याचं नाव नव्या फोनवर येतं, पण कामाचं खातं बहुधा पुन्हा जोडावं लागतं.

हे सगळं मंडळांनाही लागू आहे, याचा विचार फारसा होत नाही. सभासदांची यादी, देणग्यांच्या पावत्या, हॉलचे करार, दिवाळी अंकाच्या फायली, आता सगळं अशाच खात्यात असतं. कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते, पण ॲडमिनची मंजुरी आधीच्या सचिवांच्या फोनवरच जात राहते. सचिव दुसऱ्या राज्यात जातात, नंबर बदलतात, आणि एका सकाळी खजिनदारांच्या एक्सेलला पास मिळत नाही. संस्थेकडे दुसरा ॲडमिन नसेल तर मायक्रोसॉफ्टकडे मालकी सिद्ध करण्यात बराच वेळ जातो, आणि तोवर हॉलवाल्याचे पैसे थांबत नाहीत. कोणत्याही एका माणसाला न बांधलेली किमान दोन आणीबाणीची ॲडमिन खाती ठेवा, असा खुद्द मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. त्यांना सिक्युरिटी की, म्हणजे यूएसबीसारखी दिसणारी छोटी किल्ली, जोडता येते. ती एखाद्याच्या खिशात न ठेवता मंडळाच्या पावतीपुस्तकांच्या पेटीत ठेवावी, आणि पदभार देताना नव्या कार्यकारिणीने ती तिथल्या तिथे लावून, आत जाऊन दाखवावी. त्यानंतर हिशेबाच्या वहीवर सह्या करायला हरकत नाही.